राजमहंमद गवंड्यांची भिंत

जुन्नरच्या बाजारपेठेतून आत वळणाऱ्या एका बोळात फतेचंद शेठचं विटांचं घर आहे. बाहेरून त्यात पाहण्यासारखं काही नाही. रस्त्याकडच्या बाजूला कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर निळा रंग बसला, खाली दुकानाचं शटर आलं. शटर आता गंजून अर्ध्यावर अडकलेलं आहे. पण बाजूचं दार उघडून दहा-बारा पावलं आत गेलं की चौक लागतो, आणि चौकाच्या पलीकडे ती भिंत दिसते.

भिंत उघड्या विटांची आहे. आताच्या विटेच्या जेमतेम निम्म्या जाडीच्या, पातळ, तांबूस-काळसर विटा. खाली तीन कमानी, वर विटाच तासून केलेली नक्षीची पट्टी. दोन विटांमधला सांधा इतका बारीक, की त्यात खेळायचा पत्तासुद्धा जाणार नाही. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात तिच्यावर तिरकं ऊन येतं आणि प्रत्येक विटेची कड वेगळी दिसते.

राजमहंमदचाचा रोज बरोबर याच वेळेला तिथे असत.

चाचांचं वय त्र्याहत्तर. जातीचे गवंडी, म्हणजे वडील गवंडी, आजोबा गवंडी. चुन्यातलं काम येणारा जुन्नरमधला बहुधा शेवटचा माणूस. शेठचं कुटुंब बारा वर्षांपूर्वी पुण्याला गेलं तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडे आली. पगार वगैरे काही ठरला नव्हता. 'चाचा, अधूनमधून उघडत जा, हवा लागू द्या,' एवढंच सांगितलं होतं. चाचांनी अधूनमधूनचं रोज केलं. दार उघडायचं, चौक झाडायचा, माजघराच्या खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या. मग चौकातल्या पायरीवर बसून भिंतीकडे बघायचं. नऊ वाजता कुलूप.

घरी बोलायला कोणी नव्हतं. बायको जोहराबी सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा परवेज भोसरीला टाइल्सची कामं घेतो, दर रविवारी फोन करतो, आणि दर रविवारी म्हणतो, "अब्बा, इकडं या राहायला." चाचा म्हणतात, "बघू."

गेल्या वर्षी जानेवारीत बांगर मॅडम आल्या. पुण्याच्या एका संस्थेकडून जुन्या घरांची पाहणी चालली होती. कुठली घरं वारसा म्हणून सरकारी यादीत घालायची, हे ठरवण्यासाठी. बांगर मॅडम म्हणजे सव्वीस वर्षांची मुलगी, आर्किटेक्ट झालेली, मूळची घोडेगावजवळची. पण गळ्यात ओळखपत्र आणि हातात लेझरचं मोजमाप-यंत्र असल्यामुळे बोळातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिला मॅडम करून टाकलं.

चौकात पाऊल टाकल्यावर ती सरळ भिंतीपाशी गेली. मग म्हणाली, "चाचा, ही इथं होती आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"कोण?"

"भिंत."

"ती कुटं जातीय. हाय हितंच."

चार दिवस तिने मोजमापं घेतली. सांध्यातला चिमूटभर चुना काढून काचेच्या नळीत घातला, त्यावर थेंब टाकले, भिंगातून पाहिलं. चाचा पायरीवर बसून बघत होते. ती मध्येच काहीतरी विचारायची आणि चाचा सांगायचे. चुन्यात सुरखी किती, म्हणजे विटेचा भुगा किती घालायचा. हिरडा उकळून त्याचं पाणी का घालतात. गूळ कधी आणि किती. इतकं सलग बोलण्याची त्यांना सवय राहिली नव्हती, दुपारी घरी गेल्यावर घसा दुखायचा.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चाचा, हा चुना बघा. किती मुरलाय. महिनेच्या महिने पाण्यात ठेवल्याशिवाय असा होत नाही. एवढा धीर लोकांना आता कुठला? शंभर वर्षांत तरी नाही."

चाचा म्हणाले, "मुरलाय खरा."

चौथ्या दिवशी तिने माजघरातला फोटो खाली उतरवला. फतेचंद शेठच्या लग्नातला, त्रेपन्न सालचा. चौकात ओळीने उभे राहिलेले पाहुणे आणि मागे भिंत. तिने त्याचा फोटो काढून लॅपटॉपवर मोठा केला, शेजारी आताच्या भिंतीचा लावला, आणि एकेक वीट ताडून पाहिली. कुठली वीट आखूड, कुठली काळपट, कुठल्या विटेचा कोपरा उडालेला. दोन तास ते चाललं. मग तिने लॅपटॉप चाचांसमोर धरला.

"बघा. सत्तर वर्षांत एक वीट इकडची तिकडं झालेली नाही. मूळ भिंत जशीच्या तशी आहे. अहवालात हा सगळ्यात मोठा पुरावा होईल."

त्या वेळी चाचांनी बोलायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "च्या घेता का?"

कारण ती भिंत त्यांनी बांधली होती.

मूळची भिंत पडली १९९१च्या वैशाखात, भर दुपारी. मागच्या बोळातल्या गटाराचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या पायात मुरत होतं. मोठा आवाज झाला, धूळ बसली, तेव्हा चौकात विटांचा ढीग होता. सुदैवाने कोणाला लागलं नाही. फतेचंद शेठने दार आतून लावून घेतलं आणि मागच्या वाटेने राजमहंमद गवंड्याला बोलावणं पाठवलं. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

शेठच्या मुलीचं, रीनाचं, लग्न ठरलं होतं. सोयरे संगमनेरचे. मुलगे शिकायला-धंद्याला बाहेरगावी होते, रीनाला लग्नापर्यंत आजोळी ठेवलं. शेठची बायको भंवरीबाई ढिगाकडे पाहत म्हणाली, "लग्न ठरलं आणि घराची भिंत पडली, हे तिकडे कळलं तर लोक दहा गोष्टी बोलतील." म्हणून ठरलं, की भिंत पडली हे कोणाला कळता कामा नये. पुढच्या वैशाखात वऱ्हाड येईल तेव्हा ती पूर्वीसारखी उभी पाहिजे. पूर्वीसारखी म्हणजे अगदी तशीच.

"सिमेंटमधी महिन्यात उभी करतो," राजमहंमद म्हणाले.

"सिमेंट आणलंस तर दारातून परत पाठवीन," शेठ म्हणाले.

मग काम सुरू झालं. कामावर तिघंच. राजमहंमद, त्यांची बायको जोहराबी, आणि आहुपे गावचा मजूर भिका. भिकाने डोंगरातून हिरडे आणले. एकेक वीट धुऊन, खरवडून, लहान-मोठ्या अशा वेगळ्या लावून ठेवल्या. कळीचा चुना आणून चौकातच खड्डा करून पाण्यात विरवला. पंधरा दिवस चुना विरला की भिंत उचलायची, असा राजमहंमदांचा बेत होता. तेवढ्यात आषाढ आला आणि जैन घरातल्या रिवाजाप्रमाणे भंवरीबाईने काम थांबवलं.

"चौमासा बसला. आता ओली वीट हलवायची नाही. खाली गोगलगाय असते, गांडूळ असतं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काही नाही."

"भाभी, चार महिने? चुना भिजवून ठेवलाय."

"मग राहू दे. तो काय पळून जातोय?"

राजमहंमद शेठकडे बघायला लागले. शेठ म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? मला घरात जेवायचं असतं."

भिका आहुप्याला परत जाताना म्हणाला, "गोगलगाईला पक्कं घर गावलं राव. मला न्हाई अजून."

चार महिने चौकात विटांच्या ओळी तशाच राहिल्या, त्यावर शेवाळ धरलं. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर राजमहंमद यायचे, खड्ड्यात पाणी वाढवायचे आणि बांबूने चुना ढवळायचे. त्यांच्या मते हा सगळा वेळ वाया चालला होता. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वरचं पाणी काढलं आणि खाली हात घातला. चुना लोण्यासारखा झाला होता. बोटावर घेतला तर पडत नव्हता. असा चुना त्यांनी वडिलांच्या हातात पाहिला होता, स्वतः कधी केला नव्हता. गिऱ्हाईक थांबत नसे. भंवरीबाईच्या गोगलगाईंनी त्यांना थांबवलं होतं.

भिंत लग्नातल्या त्याच फोटोवरून बांधली. शेठ स्टुलावर बसून हातात भिंग आणि फोटो घेऊन सांगायचे, "तिसरा थर, डावीकडून सातवी, आखूड." राजमहंमद ढिगातून ती शोधायचे. जिथे वीट तुटून गेली होती तिथे ओतूरकडच्या एका पडक्या घराची आणून, तासून बसवली. जोहराबी चुना कालवून द्यायची. दिवसाला जेमतेम एक थर व्हायचा, कधी तेवढाही नाही. शेठ आणि राजमहंमद दिवसभर चौकात. शेठ दुकानात जायचे विसरले. भंवरीबाई वरून ओरडायची, "भिंत बांधताय की पंचांग वाचताय?"

माघ संपत आला तेव्हा काम वरच्या पट्टीपर्यंत आलं आणि अडलं. फोटोत दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मधे, बरोबर नक्षीच्या समोर, शेठचे काका उभे होते. उंच माणूस, त्यावर भलीमोठी पगडी. पगडीमागे काय होतं ते दिसत नव्हतं, आणि त्या जागेच्या विटांचा पडताना चुरा झाला होता.

"तुमाला आठवत न्हाई का, शेठ? जलमापासनं बघताय."

शेठनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "रोज बघितलेलं कुठं आठवतं? काकांनी जन्मभर आडवं यायचंच काम केलं. मेल्यावरही तेच." मग म्हणाले, "तूच काहीतरी कर. तुझ्या मनानं."

पंचवीस वर्षांच्या कामात राजमहंमदना हे कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी जोहराबी शेतावरून येताना बियाण्याच्या कांद्याचं एक फूल घेऊन आली होती, लांब दांड्यावरचं पांढरं गोल डेंगळं, आणि तिने ते पाण्याच्या पिंपाला सहज खोचलं होतं. राजमहंमदनी ते पाहिलं आणि विटेचे बोटाएवढे तुकडे तासायला घेतले. नऊ दिवस लागले. मधे एक, भोवती सहा, भोवती बारा, अशा बाहेर उमलत जाणाऱ्या पाकळ्या.

शेठनी खालून पाहिलं. "हे काय आहे?"

"फूल."

"कसलं?"

"फूल म्हंजी फूल, शेठ."

शेठनी पिंपाला खोचलेल्या दांड्याकडे पाहिलं, वर पाहिलं. त्या घरात चार पिढ्या कांदा आला नव्हता. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "भंवरीला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. तिला ते कधी कळलं नाही. वैशाखात वऱ्हाड आलं, रीना सासरी गेली, आणि संगमनेरच्या व्याह्यांनी भिंतीकडे पाहून म्हटलं, "जुनं काम ते जुनं काम." शेठनी राजमहंमदकडे पाहिलं. राजमहंमद खाली बघून थापी पुसत होते.

त्यानंतर चुन्याचं काम संपलंच. चाचांनी सिमेंटचे गिलावे केले, संडास बांधले, दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं. आधीच्या वीस वर्षांत जी घरं त्यांनी चुन्यात उभी केली होती ती एकामागून एक पाडली गेली. आळेफाट्याचं गेलं, नारायणगावची दोन गेली, मंचरचं गेलं तेव्हा ते रस्त्यावरून एसटीने जात होते आणि त्यांना जेसीबी दिसला. शेठ २००९ साली वारले, भंवरीबाई त्याआधीच. भिकाही गेला. जोहराबी गेल्यावर चाचांच्या लक्षात आलं, की चौकातली भिंत कोणी बांधली हे माहीत असलेला आता आपण एकटेच उरलो.

मार्चमध्ये बांगर मॅडम अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन आल्या आणि चाचांना त्यातला भिंतीचा भाग वाचून दाखवला. भिंत अंदाजे दोनशे वर्षांची. घरातला बाकी भाग बराच बदललेला असल्याने, वारसामूल्य मुख्यतः या भिंतीत. "आणि हे ऐका. 'दुसऱ्या व तिसऱ्या कमानीमधील कमळ हे विटेतील कोरीव कामाचा या भागातील सर्वोत्तम नमुना मानता येईल. मोजक्या तुकड्यांतून साधलेली गोलाई पाहता कारागीर असामान्य प्रतिभेचा असावा. कारागिराचे नाव अज्ञात.'"

चाचांनी तिला ते पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं.

"असा... काय म्हनलं?"

"असामान्य प्रतिभेचा. म्हणजे फार मोठा कलाकार."

"आनि नाव?"

"नाव नाही ना सापडत. कुठं लिहिलेलं नाही."

त्या रविवारी परवेजचा फोन दुपारीच आला. मागे टाइल्स कापायच्या कटरचा आवाज होता.

"परवेज, ती फतेचंद शेठच्या चौकातली भिंत हाय ना."

"हां."

"ती मी बांधली."

"तुम्ही तिथली डागडुजी करायचात, माहितीय की." कटर थांबला, पुन्हा सुरू झाला. "अब्बा, थांबा हां, माणूस चुकीचा कट मारतोय." आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्याने परत केला, पण तेव्हा तो गॅसची टाकी संपली का, गोळ्या घेता का, हेच विचारत राहिला, आणि चाचांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांनी ठरवलं, की बांगर मॅडमना सांगायचं. ती ऐकेल. तिला सुरखी म्हणजे काय ते कळतं.

पण त्याआधी जिनेश आला. जिनेश म्हणजे शेठचा नातू, पुण्यात चष्म्यांचं दुकान आहे. घर चार भावांच्या वाट्याचं होतं, त्यातलं कोणी परत येणार नव्हतं. बोळ रुंद होणार अशी बातमी होती आणि एक बांधकामवाला जागा घ्यायला तयार होता. घर यादीत गेलं तर पाडता येणार नव्हतं. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती. हे सगळं जिनेशने पायरीवर चाचांशेजारी बसून नीट समजावून सांगितलं. तो लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा चाचांच्या खांद्यावर बसून पेरू काढायचा. अजूनही वाकून नमस्कार करायचा.

"चाचा, पप्पा म्हणतात ही भिंत एकदा पडली होती. पण ते तेव्हा कॉलेजात, पुण्याला. त्यांना नीट सांगता येत नाही. पडली होती का?"

चाचांनी पायरीवरची काडी उचलून बाजूला टाकली.

"तुम्ही बांधली का?"

तेहेतीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

"समज, बांधली आसंल. मग?"

"मग काय, तसं लिहून द्या. अमुक साली, अशी अशी, मी बांधली. सुनावणीला साहेबांसमोर सांगा. तुमचं नाव सरकारी कागदावर येईल, सही-शिक्क्यानिशी. ती मॅडम ज्याला दोनशे वर्षांचा म्हणतेय तो कारागीर हा समोर बसलाय, असं मी सगळ्यांना सांगीन. पेपरात येईल चाचा, फोटोसकट."

"आनि भिंत?"

जिनेशने खोटं सांगितलं नाही. "भिंत नवीन ठरली की घरात दुसरं काही नाही यादीत घालण्यासारखं. सगळंच जाईल." मग म्हणाला, "तुम्हाला त्रास व्हायचा नाही. विटा हव्या तर घेऊन जा तुम्ही."

"विटा घिऊन काय करू?"

"तसं नाही म्हणालो मी."

जाताना तो म्हणाला, की सुनावणी सोळा तारखेला आहे, मी गाडी घेऊन येईन तुम्हाला न्यायला.

मधले अकरा दिवस चाचा रोज सकाळी जाऊन बसले. एका सकाळी त्यांनी वहीच्या कागदावर लिहूनही पाहिलं, 'मी राजमहंमद, राहणार जुन्नर, ही भिंत'. पुढचा शब्द लिहायला त्यांना फार वेळ लागला. मग तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सदरा धुताना तो भिजून गेला. कोणाचा सल्ला घ्यावा असं त्यांच्या मनात यायचं. शेठ असते तर काय म्हणाले असते, ते काही केल्या सुचत नव्हतं. जोहराबीचं मात्र सुचायचं. ती म्हणाली असती, आधी जेवून घ्या.

बांगर मॅडमना फोन करायचाही विचार आला. पण तिला सांगितलं तर तिला ते लिहावं लागेल. सही तिची होती. ज्या मुलीने आपलं काम ओळखलं तिलाच खोट्यात कशाला ओढायचं? म्हणजे खोटं बोलायचं तर एकट्यानेच बोलायला हवं.

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. टेबलापलीकडे तीन साहेब, अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एका बाजूला जिनेश आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला फायली मांडीवर घेतलेली बांगर मॅडम. तिने चाचांना पाहून ओळखीचं हसून मान हलवली. जिनेशच्या गाडीतून ते उतरले हे तिने पाहिलं नव्हतं.

वकिलाने सांगितलं, की ही भिंत १९९१ साली पूर्ण पडली आणि नव्याने बांधली गेली, आणि बांधणारा माणूस इथे हजर आहे. बांगर मॅडमचा चेहरा उतरला. ती चाचांकडे बघत राहिली.

मधल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं नाव?"

"राजमहंमद. गवंडी."

"ही चौकातली भिंत तुम्ही बांधली का?"

चाचा उभे राहिले होते. खुर्चीच्या पाठीला त्यांनी हात धरला. खोलीत वरचा पंखा कडकड वाजत होता.

"न्हाई साहेब."

जिनेशने मान वर केली.

"एकोणीसशे एक्याण्णव साली काय झालं होतं मग?"

"कोठीचं छप्पर खचलं व्हतं, साहेब. ते मी केलं. भिंतीला दोन-चार ठिकानी चुना भरला. तेवढंच." साहेब लिहीत होते, म्हणून चाचांना वाटलं अजून बोलायला हवं. "ते फूल बघितलं का तुमी वरचं? आमच्यासारख्याला जमायचं काम न्हाई ते. जुन्या लोकांचं काम हाय. आमी आपलं गिलावा करनारी मान्सं."

"पण तुम्ही वकिलांना तर—" साहेब म्हणाले.

"मी काय बी लिहून दिलं न्हाई."

ते खरं होतं. वकिलाने जिनेशकडे पाहिलं. साहेबांनी बांगर मॅडमना फोटोबद्दल विचारलं, तिने लॅपटॉप फिरवून त्रेपन्न सालची भिंत आणि आताची भिंत शेजारी शेजारी दाखवली. एकेक वीट जुळत होती. तिघा साहेबांनी वाकून पाहिलं. डावीकडचे साहेब म्हणाले, "मधे हे कोण उभे आहेत पगडीवाले?" कोणाला माहीत नव्हतं.

निकाल नंतर लेखी यायचा होता, पण काय येणार ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. बाहेर पडताना बांगर मॅडमने चाचांचा हात दोन्ही हातात धरला. "थँक्यू चाचा. मी घाबरलेच होते. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर नाव मिळतंय म्हणून हो म्हणाला असता." तिला पुढे आहुप्याला जायचं होतं, तिची गाडी थांबली होती.

जिनेश जिन्याच्या खाली उभा होता. वकिलाला त्याने पुढे पाठवलं होतं.

"चाचा, मला खरं सांगा. आता इथं कोणी नाही."

चाचांनी खालच्या पायरीवर बसकण मारली.

"मी बांधली," ते म्हणाले. "तुज्या आजोबानं फोटो धरला आनि मी बांधली. साडेचार महिने."

जिनेशने विचारलं, "मग का? मी तुमचं नाव देत होतो."

"बाबा रे, पंचावन्न वर्सं कामं केली. समदी पाडली लोकांनी. ज्याचं त्याचं घर, त्यात काय बोलायचं? येकच ऱ्हायलीया. ती बी मीच सही करून पाडू व्हय?"

"आणि मी आत जाऊन साहेबांना सांगितलं, की आत्ता तुम्ही मला असं म्हणालात, तर?"

"सांग की. मी परत न्हाई म्हनंन."

जिनेशला हसू आलं, पण ते राहिलं नाही. तो शेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, की काका लोकांना हे काही आवडायचं नाही. ते म्हणतील चाचा आपल्या बाजूचा माणूस नाही, किल्ली त्यांच्याकडे नको. मला ती मागावी लागेल.

चाचांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायला घेतली. गाठ जुनी होती, नखाने सुटेना. जिनेशने वाकून ती सोडवली. "मी अधूनमधून येईन," तो म्हणाला, "आलो की तुम्हाला बोलवीन." चाचा म्हणाले, "ये." गाडीतून घरी सोडतो म्हणाला तेव्हा मात्र ते नको म्हणाले, आणि बाजारातून चालत निघाले. वाटेत त्यांनी अर्धा डझन अंडी आणि काडेपेटी घेतली.

दुसऱ्या दिवशी ते सहाला उठले, नमाज पढली, चहा केला. सव्वासात वाजता त्यांनी सदरा अंगात घातला आणि चपला पायात सरकवल्या. मग चपला काढून ठेवल्या आणि सदरा खुंटीला लावला. परवेजचा फोन यायला अजून पाच दिवस होते.